अडतीतला जुना ३८६, प्रिंटर, कीबोर्ड: काय ठेवू, काय भंगारात देऊ?

मिरजकर

मंडळी, सल्ला हवाय.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या काकांची हळदीची आणि गुळाची अडत होती. आता गाळा भाड्याने द्यायचाय आणि माळा रिकामा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वह्या, सुतळी, रिकामी पोती यांच्या मागे एक अख्खा संगणक निघाला. काका म्हणाले, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, त्याच्यावरच निघायच्या आणि त्या मराठीत असायच्या. पुढे नवीन मशीन आलं तसं हे वर गेलं ते गेलंच.

तर माल असा आहे:

कॅबिनेट. आडवं, पत्र्याचं, पुढे टर्बोचं बटण. स्टिकरवर ३८६, म्हणजे आतल्या प्रोसेसरचा नंबर.

कीबोर्ड. हा मला मनापासून आवडलाय. जड आहे, वायर टेलिफोनसारखी गुंडाळी, टोकाला अंगठ्याएवढी गोल पिन आणि तिच्यात ५ काड्या. पालथा केला तर एक इवलासा खटका आहे, एका बाजूला ‘एक्स’ आणि दुसऱ्या बाजूला ‘ए’. बटणं दाबली की माळाभर आवाज.

मॉनिटर. १४ इंची, काका म्हणतात अक्षरं नारिंगी दिसायची. पिनेत ९ काड्या.

प्रिंटर. ८० कॉलमचा डॉट मॅट्रिक्स, म्हणजे टाचण्या आपटून ठिपक्यांनी छापणारा. चालू होतो, हेड सरकतं. पण छपाई एकदम पुसट आणि प्रत्येक ओळीतून एक आडवी पांढरी रेघ जाते.

फ्लॉप्यांचे दोन डबे, मोठ्या वाकणाऱ्या फ्लॉप्या. काहींवर पांढरे ठिपके आलेत.

आणि एक माउस, खोक्यातसुद्धा उघडलेला नाही. काकांना त्याचा उपयोग काय हे तेव्हाही कळलं नव्हतं.

मी शाळेत शिकवतो. प्रश्नपत्रिका, अहवाल, परिपत्रकं असं रोजचं मराठी टायपिंग आहे, इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीने, करतो. यातलं काय आजच्या लॅपटॉपला जोडता येईल? भंगारवाला शनिवारी येतोय.

---

रोखठोक

सगळं ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या आणि मोकळे व्हा. हजार रुपयांत नवा कीबोर्ड येतो, दोन हजारांत चांगला येतो. जुन्या मशीनची हौस म्हणजे बायकोचा अर्धा पलंग अडवणं. अनुभवाचे बोल.

---

खटखट्या

रोखठोक यांचं ऐकू नका, निदान शनिवारपर्यंत तरी.

मी पुण्यात राहतो, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नियमाने हिंडतो, आणि घरात कीबोर्ड किती आहेत हे सांगणार नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: जुन्या संगणकात सगळ्यात लवकर मरतो तो संगणक. हाताला लागणाऱ्या वस्तू मात्र टिकतात, म्हणजे कीबोर्ड, प्रिंटर, माउस. त्या बनवताना रोज आठ तास कोणीतरी त्यांच्यावर बडवणार आहे हे गृहीत धरलेलं असायचं. शिवाय त्या बोलतात ती भाषा इतकी साधी आहे की आजही समजावून घेता येते.

पण सुरुवात कॅबिनेटपासून, आणि लगेच. उघडा, पण वीज जोडू नका. ३८६च्या मदरबोर्डवर, बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ, पिंपाच्या आकाराची छोटी बॅटरी सोल्डर केलेली असते. निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची. तारीख-वेळ आणि सेटिंग लक्षात ठेवायचं तिचं काम. ती इतक्या वर्षांत फुटलेली असणार असं धरूनच चाला. तिच्यातलं पाणी क्षारीय असतं, तांब्याच्या रेघा खात जातं, हिरवं-निळं पीठ साचतं. कटरने कापून काढा, हातमोजे घाला. मग कानात घालायच्या कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावा, म्हणजे क्षार मरतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. हे शनिवारच्या आत करा, बोर्ड ठेवायचा नसला तरी. कारण त्या पाण्याच्या शेजारी काय काय बसलंय ते अजून आपल्याला माहीत नाही.

आता कीबोर्ड.

तो खटका म्हणजे सोनं आहे. ‘एक्स’ म्हणजे एक्सटी, ‘ए’ म्हणजे एटी. आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीचा कीबोर्ड वेगळ्या पद्धतीने बोलायचा आणि १९८४च्या एटीचा वेगळ्या. नंतर आयबीएमच्या नकला बनवणाऱ्या क्लोनवाल्यांनी दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळायला हा खटका दिला. तुमच्याकडे तो ‘ए’कडे असायला हवा. वायर जोडलेली असताना खटका हलवू नका, आधी हलवा मग जोडा.

पुढचा भाग नीट वाचा, कारण इथेच लोक पैसे घालवतात. ५ काड्यांची जाड पिन आणि १९८७ पासूनची ६ काड्यांची बारीक पीएस/२ पिन, या दोघांतून जाणारी भाषा एकच आहे. त्यामुळे जाडीतून बारीक करणारा जोड नुसत्या तारांचा असतो, स्वस्त असतो, चालतो. पण पीएस/२ मधून यूएसबीत जायला नुसत्या तारा पुरत नाहीत. तो माउसबरोबर फुकट यायचा तो जांभळा-हिरवा ठोकळा विसरा. ज्या उपकरणाला दोन्ही भाषा येतात त्याच्यासाठी तो आहे आणि तुमचा कीबोर्ड यूएसबी जन्मायच्या आधीचा आहे. तुम्हाला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागेल, बाजारात दोन शेपट्यांची केबल मिळते तो. त्यातले काही अगदी रद्दी निघतात: कीबोर्डचे तीन दिवे एकदा लुकलुकतात आणि मग शांतता, कारण जुना कीबोर्ड वीज जास्त मागतो आणि कन्व्हर्टर हात वर करतो.

सोल्डरिंग येत असेल तर मी एटीमेगा ३२यू४ चिपचा एखादा छोटा बोर्ड घ्या म्हणेन. चार तारा जोडायच्या: ५ व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक, डेटा. त्यावर टीएमके किंवा क्यूएमके हे मोफत फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, चढवायचं. फायदा असा की कुठल्या बटणाने काय करायचं ते तुम्ही ठरवता. तुमच्या कीबोर्डवर विंडोजचं बटण नसणार, म्हणजे भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस दाबता येणार नाही. डावं ऑल्ट आणि शिफ्ट चालतं, पण मी कॅप्स लॉकलाच तिथे बसवलंय. मराठीत कॅप्स लॉकचा तसाही काय उपयोग.

एखादं बटण वर ओढून आत बघा. वायरचे दोन आकडे करून दोन्ही बाजूंनी सरळ ओढायचं, स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नाही. आत अधिक चिन्हाच्या आकाराचा दांडा दिसला तर चेरी कंपनीचे स्विच, चपटी आयताकृती खाच दिसली तर आल्प्स. रंग सांगा.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आंतरजालावर कीबोर्डांची सगळी परीक्षणं इंग्रजी टायपिंगची. इनस्क्रिप्टला हात वेगळा चालतो. स्वर, मात्रा आणि हलन्त डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘काका’ लिहिताना उजवा, डावा, उजवा, डावा. म्हणजे ताल आपोआप बसतो आणि खटखट वाजणाऱ्या कीबोर्डवर तो ऐकू येतो. दुसरं, मराठीत शिफ्ट फार. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध आणि आपला ळ, सगळे शिफ्टवर. ‘वेळ’, ‘मुळे’, ‘काळजी’ लिहिताना डाव्या करंगळीने शिफ्ट धरून उजव्या हाताने एन. ही करंगळी दिवसभरात किती राबते ते संध्याकाळी कळतं. म्हणून मी नवा कीबोर्ड हातात आला की सगळ्यात आधी डावं शिफ्ट दाबून बघतो. ते लांब आहे का, टोकाला दाबलं तर अडकतं का, स्प्रिंग किती कडक.

या कसोटीवर आयबीएमचा नावाजलेला मॉडेल एम (१९८५चा) मला मराठीसाठी जरा जडच जातो. मी दोष देत नाही. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका ढिगाऱ्यातून घेतला तेव्हा दोन दिवस झोप लागली नव्हती. प्रत्येक बटणाखाली खरी स्प्रिंग आहे. दाबत गेलं की ती वाकत जाते आणि एका क्षणी बाजूला मोडून पडते, खालची छोटी हातोडी बटणांखालच्या पातळ पडद्यावर (मेम्ब्रेनवर) आपटते. कुरडई मोडावी तसा आवाज. आणि तो आवाज येतो नेमका त्याच क्षणी अक्षर उमटतं, आधी नाही की नंतर नाही. हे फार थोड्या कीबोर्डांत जमलंय. अमेरिकेत केंटकीत युनिकॉम्प नावाची कंपनी १९९६ पासून आजही ते बनवते. पण शिफ्टलाही तीच स्प्रिंग आहे आणि अर्ध्या तासाने माझी करंगळी तक्रार करते.

त्यापेक्षा आपला टीव्हीएस गोल्ड. हसू नका. डीटीपीवाले, बँका, सरकारी कचेऱ्या यांनी वर्षानुवर्षं बडवलेला, आत चेरीचे निळे स्विच. २०१०मध्ये रुपयाचं चिन्ह आलं तेव्हा ते बटणावर घेणारा ‘गोल्ड भारत’ही त्यांचाच. परदेशातले हौशी लोक जे स्विच निवडून निवडून घेतात ते आपल्याकडे तहसीलदार कचेरीत चहाचे डाग घेऊन पडलेले असतात. स्प्रिंग हलकी, त्यामुळे ळ सुखाने उमटतो. खोड एकच: ‘टिक’ वाजायची जागा आणि बटण सुटायची जागा एक नाही. एकच अक्षर भराभर दोनदा मारायचं तर बोट जरा वर उचलावं लागतं. सवय होते.

मॉनिटर: ९ काड्या आणि नारिंगी अक्षरं म्हणजे हर्क्युलिस या जुन्या डिस्प्ले कार्डाच्या जातीचा एकरंगी. त्याची आडवी वारंवारता साधारण १८.४ किलोहर्ट्झ, नंतरच्या व्हीजीए मॉनिटरची ३१.५. लॅपटॉपला जोडायचा विचारही करू नका. जोड मिळाला तरी चुकीचा सिंक देऊन काही मॉनिटर जळतात. तो त्याच्या कार्डासकट ठेवला तरच अर्थ आहे. मागचं झाकण उघडू नका, पिक्चर ट्यूबमध्ये बंद असतानाही झटका शिल्लक असतो.

माउस सीरियल असणार, म्हणजे जुन्या सीरियल पोर्टला लागणारा. त्याला वीज देणारी वेगळी तार नसते, पोर्टच्या संदेशाच्या तारांतूनच तो आपली वीज चोरतो. यूएसबी-सीरियल केबल लावून लिनक्सवर चालवता येतो. गंमत म्हणून. रोजच्या कामाला रबराचा गोळा कोणी वापरू नये, आत केसांची वेणी होते.

प्रिंटरचं मला फारसं कळत नाही, त्यासाठी इथे योग्य व्यक्ती आहे. आणि एक प्रश्न: पट्ट्या मराठीत निघायच्या म्हणता, तर कॅबिनेटमध्ये एखादं लांबलचक जास्तीचं कार्ड आहे का?

---

बिल्टीवाली

हाक आली म्हणून हजर.

इचलकरंजीत आमचं ट्रान्सपोर्टचं बुकिंग आहे. डॉट मॅट्रिक्स आमच्याकडे म्युझियमचा नाही, आज दुपारी पण चालू होता. बिल्टीच्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीच्या, चार प्रती एका दमात लागतात: पाठवणारा, घेणारा, ड्रायव्हर, ऑफिस. जीएसटीच्या मालाच्या बिलाला तीन. लेझर प्रिंटर कागदाला हातच लावत नाही, कार्बन उमटणार कसा? टाचण्या आपटल्या तरच खालच्या कागदावर जातं. म्हणून रोखठोक, दोन हजारांचा हिशोब इथे नका सांगू.

मिरजकर सर, पुसट छपाई आणि पांढरी रेघ हे दोन वेगळे आजार आहेत, एकत्र करू नका.

पुसट: रिबन वाळली असणार हे खरं, पण त्याआधी उजव्या किंवा डाव्या बाजूला, रोलरच्या टोकाशी, एक खटका बघा. कागदाच्या जाडीप्रमाणे हेड पुढे-मागे करायचा तो. अडतीत तीन प्रती काढत असतील तर तो जाड कागदावर ठेवलेला असेल. मग एकेरी कागदावर टाचणी पोचतच नाही नीट. आमच्याकडे नवा पोरगा येतो तेव्हा दर वेळी ‘ताई, प्रिंटर गेला’ म्हणून येतो आणि हा खटका निघतो.

रेघ: हेडमध्ये ९ टाचण्या एकाखाली एक असतात. एक टाचणी मारत नसेल तर प्रत्येक ओळीत त्याच उंचीवर पांढरी रेघ. आधी संगणकाशिवाय तपासा. एप्सनच्या पद्धतीवर चालणाऱ्या बहुतेक प्रिंटरांत ‘लाइन फीड’ दाबून धरायचं आणि तसंच धरून प्रिंटर चालू करायचा. तो आपणहून सगळी अक्षरं छापत सुटतो. तिथेही रेघ असेल तर केबल-बिबल सोडा, हेडच बघा.

हेड लगेच हात लावून काढू नका, छपाईनंतर ते चांगलंच भाजतं. थंड झाल्यावर काढा, चपटी पट्टीवाली केबल हळू सोडवा. एका ताटलीत फडक्याची घडी ठेवून तिच्यावर आयसोप्रोपिल ओता आणि हेडचं फक्त नाक तिच्यावर टेकवा. अख्खं हेड बुडवायचं नाही. वाळलेली शाई आणि कागदाची धूळ यांचा तिथे लगदा झालेला असतो, काळं पाणी येत राहतं. फडकं बदलत राहा. मग हेड पुसून, वाळवून बसवा आणि रिबन न लावता कोऱ्या कागदावर थोड्या ओळी छापा. टाचण्या मोकळ्या होतात, आणि कागद तिरका धरून उजेडात बघितला तर कुठली टाचणी ठसा करते कुठली नाही ते दिसतं.

तरी एक मारेना तर मल्टिमीटर घ्या. प्रत्येक टाचणीच्या कॉइलचा रोध मोजा. आकडा किती हवा याच्यापेक्षा नवांचा आकडा सारखा आहे का ते बघायचं. एखादीचा अनंत आला तर कॉइल तुटली, मग हेड बदलणं आलं. सगळे सारखे असतील तर टाचणी अडकलीय किंवा झिजून आखूड झालीय.

लॅपटॉपला जोडायला यूएसबी ते पॅरलल केबल मिळते. लॅपटॉपला प्रिंटर दिसतो, विंडोजमध्ये ‘जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली’ हा ड्रायव्हर टाका. विंडोजच्या आधीच्या डॉसचा जुना प्रोग्राम थेट पोर्टवर लिहीत असेल तर तो त्या केबलला ओळखणार नाही, हे लक्षात ठेवा.

खटखट्या, तुमच्या कुरडईपेक्षा माझ्या प्रिंटरचा आवाज बरा. निदान तो पैसे मिळवतो.

---

निवृत्त टंकलेखक

खटखट्या यांचं कीबोर्डांवरचं निरूपण वाचलं. एक गोष्ट राहिली. आम्ही कोर्टात गोदरेजच्या टाइपरायटरवर आयुष्य काढलं. त्या यंत्राला बटण तळापर्यंत मारावंच लागायचं, नाहीतर कार्बनच्या शेवटच्या प्रतीवर काही दिसायचं नाही. शिरवळच्या कारखान्यात ते २००९पर्यंत बनत होते. माझ्या पिढीतली माणसं संगणकावर आली ती तोच घाव घेऊन. मऊ रबरी कीबोर्डवर आमची बोटं दुखतात, कारण थांबायचं कुठे हे कळत नाही. टिक वाजणारा कीबोर्ड बोटाला सांगतो की झालं, आता परत फीर.

आणि इनस्क्रिप्ट तर्काने चांगला असेल, पण टाइपरायटरच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीवर ज्याचा हात बसला त्याला तो ताल वगैरे सांगू नये. आमचाही ताल होता.

---

खटखट्या

काका, नमस्कार. रेमिंग्टनवाल्याशी वाद घालण्याइतका मी शूर नाही.

---

मिरजकर

सगळ्यांचे आभार. शनिवार टळला, भंगारवाल्याला फक्त पत्र्याची कपाटं दिली.

बॅटरी फुटलेली होती, खटखट्या म्हणाले तस्सं. निळं पिंप आणि त्याच्याभोवती हिरवं पीठ, कीबोर्डच्या सॉकेटच्या दोन पिनांपर्यंत पोचलेलं. कापली, व्हिनेगर लावलं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने भिंगाखाली बघितलं, एक रेघ खाल्ली गेलीय, ती तारेने जोडून देतो म्हणाला.

प्रिंटरचा खटका खरंच जाड कागदावर होता! तो पातळावर आणताच अक्षरं दुपटीने उठली. ताई, दंडवत. रेघ मात्र स्वतःच्या चाचणीतही येते. हेडचं नाक पुसल्यावर पांढरी होती ती आता राखाडी झालीय, म्हणजे टाचणी अर्धी जागी झाली असं समजतो.

कीबोर्ड: आत अधिक चिन्ह, रंग निळा. कन्व्हर्टर मागवलाय.

आता मुख्य गोष्ट. कॅबिनेटमध्ये खरंच एक लांब कार्ड आहे, जवळजवळ पुढच्या पत्र्यापर्यंत पोचणारं. त्यावर ‘जिस्ट’ असं लिहिलंय. हे तेच का? आणि फ्लॉप्यांवर काकांच्या अक्षरात वर्षं लिहिलीत. काकांना त्या पट्ट्या बघायच्या आहेत. आधी काहीच नको होतं, आता रोज विचारतात.

---

खटखट्या

हेच ते! कार्ड कुठल्याही परिस्थितीत देऊ नका. काढायच्या आधी मॉनिटरची वायर कुठल्या कार्डाला लागते, आतल्या चपट्या केबली कुठून कुठे जातात, याचे फोटो काढा. काढल्यावर गुलाबी किंवा काळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा, साध्या प्लॅस्टिकमध्ये नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जिस्टचं मूळ काम आयआयटी कानपूरचं, पुढे १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था निघाल्यावर ते तिकडे वाढलं. डॉसच्या जमान्यात पडद्यावर देवनागरी आणायची म्हणजे प्रत्येक प्रोग्रामने आपापली चित्रं काढायची अशी अवस्था होती. या कार्डाने ती कटकट प्रोग्रामच्या डोक्यावरून काढून स्वतःकडे घेतली. वर नोंदी ठेवणारं डीबेस असो की मजकूर लिहायचं वर्डस्टार, त्याला वाटायचं आपण साधी अक्षरं लिहितोय, आणि पडद्यावर जोडाक्षरं उमटायची. सांगलीतल्या एका अडत्याला मराठी पट्टी छापता आली ती त्यामुळे.

प्रिंटरच्या बाजूने हे किती कष्टाचं होतं ते ताईंना जास्त कळेल. प्रिंटरला देवनागरी येत नाही, तेव्हा अक्षर चित्र म्हणून पाठवायचं. ९ टाचण्यांच्या हेडला चित्र काढताना सहसा ८च टाचण्या वापरतात, आणि त्यांच्यातलं अंतर इंचाचा ७२वा भाग. आठ ठिपक्यांत ‘र्की’ बसेल का? नाही. म्हणून एका मराठी ओळीसाठी हेडने दोन-तीन फेऱ्या मारायच्या, दोन फेऱ्यांच्या मध्ये कागद बरोब्बर आठ ठिपके सरकला पाहिजे. सात सरकला तर शिरोरेषा अक्षरात घुसते, नऊ सरकला तर अक्षर आडवं चिरल्यासारखं दिसतं. काकांकडे जुनी छापील पट्टी असेल तर भिंग लावून वेलांटी आणि शिरोरेषा जुळतात तिथे बघा, फेरी बदललेली दिसेल.

याचाच दुसरा अर्थ, मिरजकर: तुमची ती राखाडी रेघ इंग्रजीत एकदा येईल, मराठीत एका ओळीत दोन-तीनदा. टाचणी नीट करूनच घ्या.

फ्लॉप्या. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. तशीच ड्राइव्हमध्ये घातलीत तर ती ड्राइव्हच्या हेडला लागते, मग पुढची चांगली फ्लॉपीसुद्धा खरवडली जाते. चकती खिडकीतून हळूहळू फिरवत, धागे न सुटणाऱ्या कापडाला आयसोप्रोपिल लावून दोन्ही बाजूंनी पुसा. यूएसबीचे फ्लॉपी ड्राइव्ह मिळतात ते साडेतीन इंचांचे, तुमच्या सव्वापाच इंचांना त्यांचा उपयोग नाही. दोन रस्ते आहेत. मशीन उभं राहिलं तर तिथेच वाचा आणि दोन संगणक थेट जोडणाऱ्या नल-मोडेम केबलने सीरियल पोर्टमधून लॅपटॉपवर आणा. नाहीतर कॅबिनेटमधला सव्वापाचचा ड्राइव्ह काढा आणि ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड लावून यूएसबीवरून वाचा. तो फाइल वाचत नाही, चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो, त्यामुळे डॉसने ‘वाचता येत नाही’ म्हटलेली फ्लॉपीही पुष्कळदा हाताला लागते. मी दुसरा रस्ता घेईन. चकती जितकी कमी फिरेल तितकं बरं.

वीज जोडायची वेळ आली तर पॉवर सप्लायच्या दोन जोडपिना मदरबोर्डवर बसवताना काळ्या तारा मधोमध शेजारी-शेजारी यायला हव्यात. उलट बसवल्या तर बोर्ड संपला.

फाइल डीबीएफ, म्हणजे डीबेसच्या, निघाल्या तर लिबरऑफिसमध्ये थेट उघडतील. आकडे लगेच दिसतील, नावं मात्र चित्रविचित्र चिन्हांत येतील. घाबरू नका, ती इस्कीत असणार, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या प्रमाणात. १६०च्या वरचा प्रत्येक आकडा एकेक अक्षर. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता याच इस्कीवरून बेतलेला आहे, त्यामुळे रूपांतर डोकेदुखीचं नाही. एखादी फाइल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी करून देतो. सगळी इथे चिकटवू नका, त्यात शेतकऱ्यांची नावं आणि बाक्या आहेत.

---

रोखठोक

जिस्ट कार्ड निघालं म्हणून एवढा गाजावाजा. असो. मॉनिटर तरी द्याल का भंगारात?

---

मिरजकर

मॉनिटर कार्डाबरोबर राहणार, क्षमस्व.

खटखट्या, फाइल पाठवतो. ताई, एक शेवटचं. राखाडी रेघेसाठी हेड परत एकदा पुसून बघतो, पण रिबन बदलायचीच आहे. कुठली मागायची? मॉडेलचं स्टिकर उडून गेलंय.

---

बिल्टीवाली

आतलं रिबनचं खोकं काढून तेच दुकानात न्या. त्याच्या पोटावर नंबर कोरलेला असतो, आणि नसला तरी दुकानदार आकार बघून देतो. ८० कॉलमचं खोकं आणि १३२ कॉलमचं खोकं लांबीला वेगळं असतं, घाईत चुकीचं देतात. नुसती फीत भरून मिळते ती स्वस्त पडते, पण ज्याचं हेड आधीच आजारी आहे त्याने भरलेली फीत घेऊ नये. सांधा जाड असला की टाचणी त्यात अडकते आणि मोडते. अख्खं नवं खोकं घ्या.

कागद १०×१२चा सिंगल घ्या, चाचणीला तो पुरे. तीन कॉपीचा आणलात तर खटका परत मागे घ्या, नाहीतर टाचणी कार्बनवरच मार खाईल.